हिराकसाचे खडे डबीत टिकत नाहीत: पावसात पाणी, सिलिका जेलमध्ये पीठ

मिरगाच्या तोंडावर आणि परत दिवाळीनंतर मला दरवर्षी एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतो. विहीर खणताना निघालेल्या काळ्या मातीवर हिरवट काचेसारखे खडे (हिराकस) दिसले, किंवा पांढरे रेशमासारखे केस उगवलेले दिसले, जपून घरी आणले, डबीत ठेवले आणि ते गेले. कोणाचं पाणी झालं, कोणाचं पांढरं पीठ झालं, कोणाच्या डबीचा पुठ्ठाच जळल्यासारखा काळा पडला. मी कुडाळच्या बाजूला राहतो, हे गोळा करायला लागून आठ-नऊ वर्षं झाली, आणि पहिल्या तीन वर्षांत आणलेल्यातलं आज माझ्याकडे काहीच नाही, म्हणून जे कळलंय ते एकदा सगळं लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट आधीच सांगतो कारण निम्मं नुकसान तिथेच होतं. आपण कोकणातले लोक लगेच म्हणतो की दमट हवेने गेलं, आणि पुढच्या वेळी डबीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकतो. हे करू नका. ह्या खनिजांच्या स्फटिकातच पाणी असतं, ते वरून लागलेलं पाणी नाही, त्या पाण्यावरच स्फटिकाची बांधणी उभी असते. हिरवा हिराकस म्हणजे मेलॅन्टेराईट, लोहाचं सल्फेट, त्याच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सात रेणू. एप्सोमाईट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यातही सात. हॅलोट्रिकाईटचे ते केसासारखे तंतू असतात त्यात तर बावीस. सिलिका जेल हवेतलं पाणी ओढतं, हवा कोरडी पडली की स्फटिक आपल्यातलं पाणी सोडायला लागतो, आणि पाणी गेलं की बांधणी ढासळते. हिरव्या मेलॅन्टेराईटमधले तीन रेणू गेले की पांढरा रोझेनाईट होतो, आणि तेच ते पीठ. एप्सोमाईटमधला एक रेणू गेला तरी पुरे, त्याचं हेक्साहायड्राईट होतं आणि पारदर्शक काचेचा खडूसारखा पांढरा ठिसूळ तुकडा होतो. वरून परत पाणी शिंपडलं तर जुना आकार परत येत नाही, ते कायमचं गेलं.

ज्यांनी देशावर झिओलाईट (काळ्या दगडाच्या पोकळीत वाढणारे स्फटिक) गोळा केलेत त्यांना हे पटकन समजेल, कारण त्यातलं लॉमोन्टाईट खाणीतून आणल्यावर कपाटात हळूहळू भुगा होतो तो ह्याच कारणाने. पण त्याच लोकांच्या हातून इथे मोठी चूक होते ती धुण्याची. स्टिलबाईट, अपोफिलाईट आणलं की आपण नळाखाली धरतो, ब्रश मारतो, त्याला काही होत नाही. ती सवय इथे अजिबात चालत नाही, हे पाण्यात साखरेसारखं विरघळतं. मी एका ओळखीच्यांकडे मुठीएवढा सुंदर गठ्ठा बघितला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटलीत फक्त काळी चिकणमाती होती, धुतलं होतं बिचाऱ्यांनी, मनापासून, प्रेमाने.

हे येतं कुठून ते थोडं सांगतो कारण उपाय त्याच्यावरच अवलंबून आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सड्यावर (उघड्या पठारावर) जांभा आणि जांभ्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी निळसर-काळी चिकणमाती लागते, त्यात लिग्नाइटचे (कच्च्या कोळशाचे) थर, जुन्या लाकडाचे तुकडे, आणि त्यात पायराईट किंवा मार्कासाईट, म्हणजे लोह आणि गंधक. जमिनीखाली हवा लागत नाही तोपर्यंत ते गप्प असतं. बाव (विहीर) खणताना तो मातीचा ढीग वर येतो, हवा आणि ओलावा लागला की मार्कासाईट कुजायला लागतं, त्यातून लोहाचं सल्फेट आणि सोबत गंधकाचं आम्ल तयार होतं. ते आम्ल मातीतलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम सोडवून घेतं. मग फेब्रुवारीपासून मेपर्यंत ऊन तापलं की ढिगाच्या आतलं पाणी वर ओढलं जातं, पृष्ठभागावर उडून जातं आणि मागे हे सगळे क्षार उगवतात. पहिल्या जोरदार पावसात सगळं धुऊन जातं आणि मार्कासाईट शिल्लक असेल तर पुढच्या उन्हाळ्यात परत उगवतं. म्हणजे हे खरं तर ऋतूचं पीक आहे.

आता ओळख. पांढरं काही दिसलं की ते हेच असं नाही, आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तोही पांढराच. समुद्राच्या बाजूच्या जांभ्यावर, किल्ल्यांच्या तटावर जे पांढरं येतं त्यात बहुतेक वेळा साधं मीठ आणि जिप्सम असतं. (आणि किल्ल्याच्या तटावरचं काहीही खरवडायचं नाही, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग ही संरक्षित स्मारकं आहेत, फोटो काढा आणि पुढे चला.) मी घरी काय करतो, तर सुईच्या टोकाएवढा तुकडा काचपट्टीवर घेतो, एक थेंब पाणी टाकतो आणि भिंगाने बघतो. लगेच विरघळला नाही, नुसता पडून राहिला तर जिप्सम किंवा कॅल्साईट समजा, जिप्सम पाण्यात फार थोडं विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. लगेच विरघळला आणि थेंब सुकल्यावर छोटे चौकोनी ठोकळे दिसले तर ते मीठ. ठोकळे नाहीत तर पुढे जा.

पुढे म्हणजे जास्वंद. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घालून गाळलेलं पाणी घ्या, शाळेत केलेला प्रयोग आहे हा. हिराकस किंवा हॅलोट्रिकाईटचं पाणी त्यात टाकलं की रंग लख्ख गुलाबी-लाल होतो कारण ते आम्ल असतं, एप्सोमाईटने तसं काही विशेष होत नाही. मग हिरडा. हिरड्याची पूड भिजवलेलं पाणी, नाही मिळालं तर दूध न घातलेला कडक चहा, त्यात हे पाणी टाकलं आणि काळं-निळं झालं की लोह आहे. हिरडा आणि हिराकस मिळून काळा रंग होतो हे कापड रंगवणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत आहे, ही तीच गोष्ट. अगदी ताजा हिरवा हिराकस असेल तर काळं व्हायला थोडा वेळ लागतो, हवा लागू द्या, घाई करून नाही म्हणू नका. तिसरं म्हणजे धुण्याच्या सोड्याचं पाणी, त्याने लोह असेल तर मळकट हिरवा गाळ येतो आणि तो बघता बघता गंजासारखा होतो, नुसता पांढरा गाळ आला तर मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम. आणि हे सल्फेटच आहे का हे नक्की करायचं तर ओळखीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेरियम क्लोराईडची चाचणी करून घ्या, पांढरा गाळ आला आणि तो हायड्रोक्लोरिक आम्लातही विरघळला नाही की झालं. बेरियम विषारी आहे, ते घरी आणू नका.

चव घेऊन बघायची पद्धत जुन्या पुस्तकांत असते, एप्सोमाईट कडू, हिराकस तुरट वगैरे. मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका, अशा मातीत अजून काय काय सुटलेलं असतं ते डोळ्यांना दिसत नाही.

ओळखीत एक मर्यादा मान्य करायला लागते. हॅलोट्रिकाईट (लोहवाला) आणि पिकरिंगाईट (मॅग्नेशियमवाला) हे दोन्ही पांढरे केसच, एकातून दुसऱ्यात सरकत जाणारी जोडी आहे, डोळ्यांनी सांगता येत नाही. मी चिठ्ठीवर "हॅलोट्रिकाईट-पिकरिंगाईट गट" एवढंच लिहितो. एक्स-रे तपासणीला द्यायचं असेल तर घट्ट झाकणाच्या कुपीत द्या आणि देताना तोंडाने सांगा की ह्यात पाणी आहे, पूड वाटताना गरम होऊ देऊ नका. नाहीतर वाटतानाच पाणी उडतं आणि रिपोर्टमध्ये दुसऱ्याच खनिजाचं नाव येतं, मग आपण म्हणत बसतो ओळख चुकली म्हणून.

आता मुख्य मुद्दा, डबीत काय बिघडलंय ते दिसण्यावरून कसं ओळखायचं.

हिरव्याचं पांढरं झालं, वरून पिठासारखी साय आली, हात लावला की गळतं, तर हवा कोरडी झाली होती. सिलिका जेल, एसीची खोली, फ्रिज, डिसेंबर-जानेवारीतली दुपार, किंवा मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली पिशवी. मेलॅन्टेराईटची सीमा २० अंशाला साधारण ६० टक्के आर्द्रता, त्याच्या खाली गेलं की रोझेनाईट व्हायला लागतं, आणि उष्णता वाढली की ही सीमा अजून वर सरकते, म्हणजे उन्हाळ्यात त्याला जास्त ओलावा लागतो. एप्सोमाईटची सीमा २५ अंशाला ५० टक्क्यांच्या आसपास. आणि ४८ अंशाच्या वर एप्सोमाईट पाण्यात ठेवलं तरी एप्सोमाईट राहत नाही, आपल्या उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते.

उलट खडा ओला चकचकीत दिसतोय, कडा गोल झाल्यात, खाली पिवळट-तपकिरी पाणी साचलंय, तर हवा जास्त ओली झाली होती. ह्यात आपल्या किनाऱ्याचा एक खास त्रास आहे जो बाहेरच्या पुस्तकांत वाचून लक्षात येत नाही. शुद्ध मेलॅन्टेराईट बऱ्याच दमट हवेतही तग धरतं, पण समुद्राच्या वाऱ्याने त्याच्यावर मीठ बसलेलं असतं, आणि साधं मीठच ७५ टक्क्यांच्या वर पाणी ओढून घेतं, त्यात दोन क्षार एकत्र आले की दोघंही एकेकट्यापेक्षा लवकर पाझरतात. म्हणून खाऱ्या वाऱ्याच्या कड्यावरचा नमुना मी आता उचलतच नाही, आत वाडीतल्या ढिगावरचा घेतो. हा एक बदल केला आणि माझी निम्मी गळती थांबली.

पिवळं, मग गंजासारखं व्हायला लागलं तर हवा लागून त्यातलं लोह गंजायला लागलंय. मोठ्या बरणीत छोटा खडा ठेवू नका, बरणी नमुन्याच्या मापाची घ्या आणि दर आठवड्याला कौतुकाने उघडू नका.

तर उपाय काय, हवा कोरडीही नको आणि फार ओलीही नको, मधली आणि स्थिर हवी, आणि ती करून देणारी वस्तू आपल्या स्वयंपाकघरात आहे. मिठाचा संपृक्त लगदा बंद बरणीत ठेवला की बरणीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, आणि खोली २० अंश असो की ३५, जवळपास तेवढीच राहते. ७५ म्हणजे साधारण तापमानाला पीठ होण्याची सीमा आणि पाझरण्याची सीमा ह्यांच्या मधे. मी असं करतो: काचेची छोटी बरणी, झाकण प्लॅस्टिकचं, कारण पत्र्याचं झाकण ओल्या हवेने गंजतं आणि गंज नमुन्यावर पडतो. तळाला औषधाच्या बाटलीचं एक बूच, त्यात निम्म्यापर्यंत मीठ, वर चमचा-अर्धा चमचा पाणी. मीठ पूर्ण विरघळलेलं नको आणि सुकंही नको, ओला लगदा हवा ज्यात न विरघळलेले दाणे दिसत राहतात, दोन्ही असेल तरच आकडा जमतो. मीठ पिशवीतलं बारीक वापरा. मिठागरातलं खडेमीठ मला जेवणात आवडतं पण इथे नको, त्यात मॅग्नेशियमचा अंश असतो आणि आकडा खाली येतो. बूच अर्धंच भरायचं कारण मीठ काठावरून चढत बाहेर येतं, मी ते न समजून एक चांगला गुच्छ घालवलाय, चढत चढत नमुन्याला जाऊन भिडलं होतं. आता बुचावर सुती कापडाचा तुकडा रबराने बांधतो आणि नमुना वर प्लॅस्टिकच्या जाळीवर ठेवतो.

छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो तो बरणीत एक दिवस ठेवून बघा. ७५ च्या जागी ६९ किंवा ८० दाखवत असेल तर मीठ नाही चुकलं, मापक चुकलाय, तेवढा फरक चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि पुढे तो धरून वाचा. बरणी लाकडी कपाटात, खालच्या कप्प्यात, भिंतीला न टेकता, उन्हापासून आणि फ्रिजच्या मागच्या गरम हवेपासून लांब. पंधरा दिवसांनी एकदा बघायचं, मिठाचा लगदा सुकलाय का एवढंच.

वार्निश, नेलपॉलिश, केसांचा स्प्रे, सुताराचा पांढरा गम, हे सगळं लोकांनी करून झालंय. पांढऱ्या गमात पाणी असतं, लावताक्षणी खडा विरघळतो. बाकीच्यांचा थर पाण्याची वाफ अडवत नाही, खडा आतून पीठ होतो आणि वरची चकाकी तशीच राहते. नका करू.

मार्कासाईटचा दगड सोबत असेल तर मात्र गोष्ट अवघड होते आणि इथे मी सरळ सांगतो, दोघांनाही सुखात ठेवता येत नाही. हिराकसाला ६० च्या वर ओलावा हवा, आणि ६० च्या वर ओलावा गेला की मार्कासाईट जोरात कुजतं, फुगतं, दगडाला चिरा जातात, आम्ल सुटतं, पुठ्ठा आणि चिठ्ठी जळते. म्हणून जमेल तिथे मी काळ्या दगडापासून क्षार वेगळा करून घेतो, नुसत्या मातीच्या पापुद्र्यावर बसलेला तुकडा बघून उचलतो. चिठ्ठी बरणीच्या बाहेर चिकटवा, आत एक प्लॅस्टिकची पट्टी टाका ज्यावर पेन्सिलने नंबर लिहिलाय.

गोळा करताना घाई नको. मार्च ते मेचा पहिला पंधरवडा उत्तम, वळवाचा पाऊस झाला की संपलं. आधी जागेवाल्याला विचारा, मला तर प्रत्येक वाडीत कोणीतरी आबा विचारतातच, "ती माती घेवन काय करतलस?" आणि दाखवलं की स्वतःच दुसरा ढीग दाखवायला येतात. जागेवरच फोटो काढा, बाजूला नाणं ठेवून, कारण ते जसं दिसतंय तसं घरी पोचेलच असं नाही आणि तो फोटोच पुढे खरा पुरावा असतो. तंतूंना बोट लावू नका, पातळ सुरीने खालची माती सकट उचला. कापसावर ठेवू नका, कापसाचे धागे आणि खनिजाचे केस एकमेकांत अडकले की सोडवता येत नाहीत. मी झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत तळाला त्याच ढिगाची माती दाबून बसवतो आणि नमुना त्यात रोवतो, हलत नाही. स्टीलचा टिफिन नको, आम्लाने डाग पडतात. कॅमेऱ्याच्या फुग्याने हवा मारून धूळ उडवायची, तेवढीच साफसफाई. मोटरसायकलवर मागे बांधलेल्या पिशवीत तंतू टिकत नाहीत, एसटीत मांडीवर घेऊन बसलेलं बरं.

आणि एक गोष्ट कळकळीने, खणत असलेल्या किंवा बंद पडलेल्या बावीत ह्यासाठी उतरू नका. मार्कासाईट कुजताना हवेतला ऑक्सिजन खातं, खाली वास येत नाही, काही कळत नाही आणि माणूस कोसळतो, वाचवायला उतरलेलाही कोसळतो. वर काढलेल्या ढिगावर तेच खनिज उगवतं, आत जायची काही गरज नाही.

ढिगावरचा पहिला नमुना आणायच्या आधी घरी सराव करा असं मी सगळ्यांना सांगतो. शेतीच्या दुकानात फेरस सल्फेट मिळतं, माडाला घालायला मॅग्नेशियम सल्फेट मिळतं, म्हणजे हिराकस आणि एप्सोमाईटच. थोडं कोमट पाण्यात विरघळवून वाटीत ठेवा (फेरस सल्फेटमध्ये लिंबाचे दोन थेंब टाका, नाहीतर गढूळ होतं), दोन-तीन दिवसांत खडे येतात. मग एक खडा सिलिका जेलच्या डबीत, एक मिठाच्या बरणीत, एक उघडा खिडकीत. आठ दिवसांत तिन्ही वेगळे दिसतात आणि हे सगळं जे मी लिहिलंय ते तुमच्या डोळ्यांसमोर असतं. शिरोड्याकडे मिठागरात मीठ काढून झाल्यावर जे कडवट पाणी उरतं त्यातही मॅग्नेशियमचे क्षार असतात, कोणाची ओळख असेल तर बाटलीभर मागून घ्या आणि ताटलीत सुकवून बघा, त्यात काय काय आधी येतं आणि काय पाझरतच राहतं ते बघण्यासारखं आहे.

माझ्याकडे सध्या मिठाच्या बरणीत हिरव्या हिराकसाचे चार तुकडे आहेत, त्यातला एक तिसरा पावसाळा काढतोय आणि अजून आरपार दिसतो. पांढऱ्या केसांच्या दोन बरण्यांपैकी एक ठीक आहे, दुसरीत तळाला ओल दिसायला लागलीय. तिच्यात मार्कासाईटचा वाटाण्याएवढा तुकडा राहून गेलाय असा मला संशय आहे, ह्या आठवड्यात ती उघडून तो काढणार आहे.